पुढच्या शतकातलं कुटुंब आणि नानांची कुजबुज

आमच्या नानांना, म्हणजे वडिलांना, कुजबुजता येत नव्हतं. आपल्याला येतं अशी त्यांची मात्र प्रामाणिक समजूत होती. तोंडापुढे हात धरायचा, मान खाली घालायची, डोळे बारीक करायचे, इथपर्यंत सगळं रीतसर व्हायचं. मग जो आवाज बाहेर पडायचा, तो आमच्या खोलीतून निघून नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना ओलांडून गल्लीच्या टोकाच्या पानाच्या ठेल्यापर्यंत जायचा. माझ्या मावशीच्या नवऱ्यानं दुसरं घर केल्याची बातमी सुरतेतल्या आमच्या नवागाममध्ये मावशीच्या आधी पानवाल्याला कळली, ती नानांनी मायच्या कानात सांगितली म्हणून. यात त्यांचा काही दोष नव्हता. अमळनेरकडचं गाव सोडून सुरतेला आल्यापासून ते लूमच्या खात्यात होते. खातं म्हणजे कारखाना, पण सुरतेत कारखाना कुणी म्हणत नाही. बारा-बारा तासांची पाळी, चारी बाजूंनी मागांची खटखट, आणि डोक्यावर पत्रा. दहाएक वर्षांत त्यांचे कान गेले. पूर्ण नाही गेले, पण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा असेल तर तो पानवाल्यालाही ऐकू गेलाच पाहिजे, इतके गेले.

खात्यात तसंही कुणी बोलत नाही, कारण बोलून उपयोग नसतो. तिथे हातांची आणि भुवयांची भाषा चालते. मूठ उघडून झटकली की ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला, अंगठा ओठांकडे नेला की चहा, कपाळाला दोन बोटं टेकवली की शेठ आला. ही भाषा नानांनी घरी आणली आणि मायला शिकवली, मायनं तिच्यात आपल्या गरजेची भर घातली. पाहुणा समोर बसलेला असताना साखर संपलीय, हा अजून उठत का नाही, याला जेवायचं विचारू नका, असे लांबलचक संवाद दोघं एकही शब्द न बोलता करायचे. माय दिवसभर दारात बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची, हातात कात्री असायची, त्यामुळे तिच्या बोलण्याला जरा धारही होती. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, पप्याला, ती भाषा अर्धीमुर्धी समजायची. आमच्या घरात खरी गुपितं होती ती एवढीच, हातांनी सांगितलेली. बाकी सगळं गल्लीचं होतं.

आमच्या खोलीची मागची भिंत एका खात्याला लागून होती. फळीवरची भांडी दिवसरात्र आपोआप किणकिणायची, पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची. आठवड्यातून एकदा वीज बंद असायची, तेव्हा सगळं गप्प व्हायचं आणि आम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. त्या किणकिणाटात बसून मी अकरावी सायन्सचा अभ्यास करायचे. गल्लीत सायन्स घेतलेली मी एकटी. सायन्स म्हणजे नेमकं काय हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं नव्हतं. पण दहावीला मार्क पडले होते, बाई म्हणाल्या घे, मी घेतलं. पुस्तकांना खाकी कव्हर घालून मी ती अशी छातीशी धरून चालायचे, की बघणाऱ्याला वाटावं हिच्यावाचून कुठेतरी एखादा दवाखाना अडून बसलाय.

त्यात गावाहून मोठ्या बाबांचं पत्र आलं. मोठे बाबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ, नाना त्यांना दादा म्हणत. नानांनी गाव सोडलं तेव्हा आजोबांचं आजारपण, शेत, देव, सगळं दादांनी सांभाळलं होतं. त्यामुळे दादा जे म्हणतील त्याला नाना आयुष्यात कधी नाही म्हणाले नव्हते. पत्रात लिहिलं होतं की रंजीसाठी, म्हणजे माझ्यासाठी, चांगलं स्थळ आहे, मुलाची पिठाची गिरणी आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत लग्न उरकून टाकू, अकरावी झाली तेवढं शिक्षण मुलीच्या जातीला पुष्कळ झालं. नानांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि होकार कळवला. मायनं हातांनी काहीतरी विचारलं, नानांनी हातांनीच ‘शब्द दिला’ असं सांगितलं. ती खूण मला समजत होती. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मायनं शेवभाजी केली आणि माझं उपोषण तिथेच सुटलं. या प्रसंगाचा मला आजही राग येतो, कारण नंतर मी अनेक बायकांच्या निर्धाराच्या कथा वाचल्या, त्यात कुणाचाही निर्धार शेवभाजीपाशी मोडत नाही.

पाहुणे आले तिघं. मुलगा, त्याची आई आणि मामा. मायनं वरण-बट्टी केली होती, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. मामांनी इतक्या बट्ट्या खाल्ल्या की पप्या दारात उभा राहून बघत होता. मी साडी नेसून चहा आणला, नाव सांगितलं, बसले, उठले. इथपर्यंत सगळं साऱ्या खानदेशात होतं तसं झालं. पण आमच्या गल्लीची स्वतःची एक रीत होती. गावाकडचा पाहुणा सुरतेला आला की त्याला पिक्चर दाखवल्याशिवाय भुसावळ गाडीत बसवायचं नाही. हे न केलं तर गावात जाऊन तो काय सांगेल याची सगळ्यांना धास्ती असायची. मग पाहुणा मुलगी बघायला आलेला असो की मयतीला, दुपारच्या शोला त्याला घेऊन जायचंच. नानांनी आपल्या पाळीवर बदली माणूस उभा केला होता तो याचसाठी.

प्रश्न होता कुठला पिक्चर. होणाऱ्या इहिनबाईंना, म्हणजे मुलाच्या आईला, सोबत घेऊन बसायचं, म्हणजे भिजणारी नटी नको. नाना आदल्या दिवशी उधन्याकडच्या थेटरांवर एक चक्कर मारून आले होते. ते पिक्चरची निवड फक्त पोस्टरवरून करत. संवाद त्यांना ऐकू येत नसत, त्यामुळे गोष्ट चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता. एका पोस्टरवर आईबाप, एक मुलगी, एक मुलगा आणि एक कुत्रा असे ओळीनं उभे होते आणि सगळ्यांनी गळ्यापासून घोट्यापर्यंत कपडे घातले होते, कुत्र्यानंसुद्धा. नानांनी तिथल्या तिथे ठरवलं, हाच. तो बाहेरदेशचा, हिंदीत आवाज घातलेला, पुढच्या शतकातल्या एका कुटुंबाचा पिक्चर आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं.

थेटरपर्यंत आम्ही चालत गेलो. मोठी माणसं पुढे, पप्या मध्ये, आणि मी आणि तो मुलगा कसे कोण जाणे मागे राहिलो. त्याच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. सुरतेला यायचं म्हणून त्यानं नवा शर्ट शिवला होता, पण भुवया धुवायच्या राहून गेल्या असाव्यात. तो खाली बघत चालत होता. मग म्हणाला, “सायन्समधी बेडूक कापना पडस का?”

“बारावीत,” मी म्हटलं.

“माले नही जमतं,” तो म्हणाला. “मी उंदीरसुद्धा पकडीसन सोडी देस.”

हे वाक्य मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्याला तर नाहीच. गिरणीवाला उंदीर सोडून देतो. पाच मिनिटांपूर्वी मला हे लग्न मुळीच नको होतं, आणि आता ते नको होतं पण त्याच्या भुवया कुणीतरी पुसून द्याव्यात असं मात्र वाटायला लागलं होतं. सतरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हे दोन्ही एकाच वेळी बसू शकतं.

पिक्चर सुरू झाला. त्यातलं घर बोलायचं. दार ‘या’ म्हणायचं, पलंग ‘झोपा’ म्हणायचा. सगळे चंदेरी कपड्यांत, गाड्या हवेत, कुणाच्याही घरी चूल नाही. जेवायची वेळ झाली की आई एक बटण दाबायची, भिंतीतून ताटली यायची, ताटलीत प्रत्येकी एक गोळी. प्रत्येकाच्या कानात एक मणी बसवलेला, त्यातून त्यांना मैलभरावरचं बोलणं ऐकू यायचं. पप्या तोंड उघडं टाकून बघत होता. मला अर्धं खोटं वाटत होतं आणि अर्ध्याचा हेवा वाटत होता. ती मुलगी माझ्याच वयाची होती आणि तिच्या खोलीची मागची भिंत कुणाच्याही खात्याला लागून नव्हती.

मध्यंतराला दिवे लागले आणि आमच्या मंडळींनी पुढच्या शतकाचा समाचार घेतला. मुलाच्या आईला गोळ्या पटल्या नव्हत्या. “गोयी खाईसन पोट भरी,” त्या म्हणाल्या, “पन पंगतमा काय वाढतीन?” माय मात्र गोळ्यांवर खूश होती, कारण घासायला एकच ताटली. तिचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. “शंभर वरीस गयात,” ती म्हणाली, “तरी बाईच वाढी राहिनी. बटन दाबानं तर नवराले नही का येत?” मामा झोपले होते. नानांनी पडद्यावरच्या कपड्यांची तपासणी केली होती. “कापड आपलंच शे,” त्यांनी जाहीर केलं. “त्या बापना पाठवर ताणा तुटेल शे, नीट दखा.” उत्तरार्धात मी नीट पाहिलं. खरंच पाठीवर एक उभी रेघ गेली होती. पुढच्या शतकातही माल तपासून घेणारा कुणी नव्हता.

उत्तरार्धात ते कुटुंब यानात बसून कुठेतरी निघालं आणि बिघाड झाला. बाप बेशुद्ध पडला, आई रडायला लागली, कुत्रा भुंकायला लागला. मग ती मुलगी उठली आणि बापाच्या जागेवर बसली. समोर शंभर बटणं. तिनं एक दाबलं, दोन दाबली, यान कलंडलं, सावरलं, आणि पृथ्वीच्या दिशेनं वळलं. त्या क्षणी दिग्दर्शकानं, देव त्याचं भलं करो की न करो मला ठरवता येत नाही, सगळे आवाज बंद केले. अवकाशात आवाज नसतो, हे त्याला कुणीतरी शिकवलं असणार. संगीत नाही, यंत्र नाही, कुत्रा नाही. थेटरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

नेमकं तेव्हा नानांना मायशी काहीतरी बोलायचं होतं. एरवी ते हातांनी बोलले असते. पण अंधार होता, हात दिसत नव्हते. त्यांनी तोंडापुढे हात धरला, मान खाली घातली आणि कुजबुजले.

“आयक. माले हाई सोयरीक मनपासून नही शे. दादाले नही म्हनता उनं नही, म्हनीसन हो म्हनं. ती पोर दख, कशी मशीन चालाडस. मनी रंजी काय कमी शे? तिले बारावी करू देवानी व्हती.”

थेटरच्या पार शेवटच्या रांगेपर्यंत ते गेलं. मामा दचकून जागे झाले. मायनं अंधारात नानांच्या दंडाला चिमटा काढला असावा, कारण पाठोपाठ दुसरी कुजबुज आली, “चिमटा कसाले काढस? मी हळूच बोली राहिनू.”

मागून कुणीतरी गुजरातीत म्हणालं, “काका, पिक्चर जोवा दो ने,” आणि सगळं थेटर हसलं. नानांना ते वाक्य ऐकू गेलं नाही. हसण्याची लाट मात्र त्यांना जाणवली. पडद्यावर काहीतरी विनोद झाला आणि आपला हुकला असं वाटून तेही सगळ्यांबरोबर हसले. मी मान वर केली नाही. बाप माझ्यासाठी असं काही मनात धरून बसलाय हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते चारशे अनोळखी माणसांबरोबर कळलं. मला रडू येत होतं आणि जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. माझ्यापासून दोन खुर्च्या पलीकडे पिठाच्या भुवयांचा मुलगा पडद्याकडे बघत बसला होता, आणि त्याच्यासाठीही मला वाईट वाटत होतं. ती मुलगी यान घेऊन सुखरूप उतरली की नाही, मी पाहिलंच नाही. पप्या म्हणतो उतरली.

बाहेर आल्यावर नाना लगबगीनं पप्याला घेऊन लोचो आणायला गेले. लोचो म्हणजे खमणाचाच पीठ सैल झालेला भाऊ, वर तेल आणि शेव. पाहुण्यांना तो चारल्याशिवाय सुरत पुरी होत नाही. माय पदर पुढे घेऊन उभी होती. एकदा का ही गोष्ट गावात गेली की दादांच्या शब्दाची किंमत जाणार, दोन भावांचं तुटणार, आणि चारचौघांत शोभा झालेल्या स्थळाचा बोल माझ्यावर येणार, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मुलाच्या आईनं तिच्याकडे बघितलं. “बाई,” ती म्हणाली, “आमनी गिरणीबी इतली मोठ्यानी बोलत नही.”

मायनं हात जोडले. त्या बाईनं ते हात खाली केले. “राहू द्या. भाऊले सांगू नका आम्ही ऐकं म्हनीसन. गावमा तुमना जेठलेबी काही कळाव नको. आम्हीच निरोप धाडसूत, पोर उंच शे म्हनीसन.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मना बापनी मनासाठे कधी तोंड उघाडं नही. तुमना मानूसनी उघाडं, तेबी एवढं मोठं.”

नाना लोचो घेऊन आले. सगळ्यांनी उभ्या-उभ्या खाल्ला. मामांनी दोनदा घेतला. त्या बाईनं नानांना लोचो कसा करतात ते मोठ्यानं विचारलं, आणि नानांनी त्यांना गल्लीला ऐकू जाईल असं समजावून दिलं. स्टेशनवर गाडी सुटताना तो मुलगा खिडकीतून मला एवढंच म्हणाला, “बेडूक जपीसन कापा.” मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी मी तो जपून कापला. तरी तो मेलाच.

आठवड्यात निरोप आला. मुलगी उंच आहे, जोडा शोभणार नाही. मोठे बाबा हळहळले, पण दोष कुणालाच देता येईना. आमच्या घरी मात्र आम्हाला वाटलं होतं त्याच्या उलटंच झालं. नाना भडकले. ज्यांना ती सोयरीक मनातून नकोच होती, त्यांनीच मला दाराच्या चौकटीला उभं करून खडूनं रेघ ओढली, त्या मुलाची उंची आठवून वर दुसरी रेघ ओढली, आणि मधलं अंतर बोटांनी मोजून ते ओरडले, “चार बोटं उंच शे तो पोऱ्या! मनी पोरले नावं ठेवतस?” ते गावी जाऊन भांडायलाच निघाले होते. मायनं त्यांची पिशवी लपवून ठेवली. मग संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझी समजूत घातली. तू उंच नाहीस, ते लोक अडाणी आहेत, तू तुझी बारावी कर, वाईट वाटून घेऊ नको, असं सगळं त्यांनी मला कुजबुजून सांगितलं. सबंध गल्लीनं माझी समजूत ऐकली. त्या चौकटीवरच्या दोन्ही रेघा त्यांनी कुणाला पुसू दिल्या नाहीत.

मी बारावी झाले, पुढे कडोदऱ्याच्या एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये लागले, रंग जुळवण्याच्या कामावर. सत्तावीस वर्षं कापडाचे तुकडे उजेडात धरून ‘अजून जरा निळा’ म्हणत काढली. लग्न झालं, नवरा भला आहे, कुठल्याही पिक्चरला तो दहाव्या मिनिटाला झोपतो. तो चंदेरी पिक्चर मला आवडला होता का, असं मुलांनी विचारलं तर काय सांगावं कळत नाही. गोष्ट टुकार होती, बाईकडून शेवटपर्यंत वाढून घेत होते, आणि त्यातलं काहीएक खरं झालं नाही. गाड्या उडाल्या नाहीत, सुरतेत उड्डाणपूल मात्र झाले. त्या पिक्चरनं मला बारावी दिली आणि उंदीर सोडून देणारा एक माणूस नेला. हा सौदा बरा होता असं मी बहुतेक दिवशी म्हणते.

पुढच्या शतकातली एकच वस्तू आमच्या घरात आली, ती म्हणजे कानातला मणी. नाना ऐंशीच्या आसपास असताना पप्यानं हट्टानं त्यांच्या कानाला यंत्र बसवलं. माय तेव्हा नव्हती. हातांनी बोलायला त्यांना कुणी उरलं नव्हतं, म्हणूनच ते तयार झाले असावेत. यंत्र सुरू झालं आणि नाना सवयीप्रमाणे म्हणाले, “रंजी, पानी दे,” आणि स्वतःच्याच आवाजाला दचकले. दुकानातली माणसं वळून बघत होती. नानांनी एकेकाकडे पाहिलं.

संध्याकाळी मी चहा दिला. त्यांनी कप हातात घेतला नाही. हिशेब जुळवणाऱ्या माणसासारखे ते कितीतरी वेळ समोर बघत होते. मग माझ्याकडे वळले. “मी नेहमी असाच बोलू का? थेटरमाबी?”

मी कप त्यांच्या जवळ सरकवला. “पिक्चरचा आवाज मोठा होता, नाना,” मी म्हटलं. “कुणाला काही ऐकू आलं नाही.”

माझं खोटं ओळखल्यासारखी त्यांनी मान हलवली. चहा घेतला, कप ठेवला, यंत्र कानात नीट दाबून बसवलं. आणि मग तोंडापुढे हात न धरता, इतक्या हळू की मला त्यांच्याकडे वाकावं लागलं, ते म्हणाले,

“म्हनजे तू उंच नव्हती.”